‘ओरिजिनली’

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शहरांमध्ये ‘वॉक’ नावाचा एक समीक्षाप्रकार रुजला आहे. त्याला समीक्षा म्हणायला कुणी धजत नाही, कारण तो छापून येत नाही आणि त्यासाठी बूट घालावे लागतात. पण रविवारी सकाळी सात वाजता पंधरा-वीस माणसं एका इमारतीसमोर उभी राहतात. एक जण त्यांना ती कशी पाहायची ते सांगतो, कर्ता कोण, काळ कोणता, प्रभाव कुणाचा, काय साधलं आणि काय बिघडलं याचा निवाडा करतो, आणि मंडळी माना डोलावत पुढच्या इमारतीकडे निघतात. याला दुसरं काय म्हणायचं? छापील समीक्षकाला नसलेली एक सोय मात्र वॉकवाल्याकडे असते. कलाकृती समोरच उभी असल्यामुळे त्याला अवतरणं द्यावी लागत नाहीत, बोट दाखवलं की भागतं. आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं जात नाही ते वाचलं जात नाही, हेही त्याच सोयीत आलं.

या प्रकाराची तीर्थस्थळं ठरलेली आहेत. झेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहरात मीस व्हान डेर रोहनं १९३० साली पुरं केलेलं टुगेनहाट कुटुंबाचं घर पाहायचं तर तिकीट बरंच आधी काढून ठेवावं लागतं. चंडीगढला पिएर जानरे ज्या सरकारी घरात राहिला तिथं आता संग्रहालय आहे. मुंबईत ओव्हल आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली, मैदानापलीकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह, युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. एका मराठी राजघराण्याचं घरही या मालिकेत सहज बसतं, फक्त ते आपल्या आठवणीत नसतं. इंदूरचा माणिकबाग. यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून तो करून घेतला. त्यातलं नावाजलेलं फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात गेलं आणि वास्तूत सरकारी करखातं आलं.

इंदिरानगरात यातलं काही नाही. म्हणून आमच्या इथल्या ‘मॉडर्निस्ट’ घरांचा वॉक निघाला आहे असं कळलं तेव्हा आधी कुतूहल वाटलं आणि मग, इथं इतकी वर्षं राहत असल्यामुळे, थोडा संशय.

इंदिरानगरचा बराचसा भाग कागदोपत्री आजही ‘एचएएल सेकंड स्टेज’ आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाला भागीदार करून १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. त्या कारखान्याचं नाव पुढे या वस्तीच्या पत्त्यात येऊन बसलं. (इंदिरानगर हे नाव रिक्षावाल्यांचं आणि पोस्टाचं, खरेदीखतात एचएएलच.) आधी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड आणि १९७६ नंतर बंगळूर विकास प्राधिकरण यांनी शहराभोवती ज्या वसाहती आखल्या त्यांपैकी ही एक. रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत: अमुक मेन, तमुक क्रॉस, ऐंशी फुटी, शंभर फुटी. प्लॉटांनाही मापंच. ‘थर्टी-फॉर्टी’, ‘फॉर्टी-सिक्स्टी’, ‘फिफ्टी-एटी’. बंगळुरात माणूस कुठल्या थरातला हे अजूनही या जोड-आकड्यांवरून ओळखलं जातं. इथं घरं बांधली ती एचएएल, बीईएल, आयटीआय, इस्रो अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्यांनी आणि फौजेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी. फंडातले पैसे, थोडं कर्ज, ओळखीचा एखादा इंजिनियर आणि एक मेस्त्री. बहुतेक घरांना आर्किटेक्टची सही नाही.

अशा बिनसहीच्या घरांपुढे कुणी वॉक थांबवतो ही मुळात चांगली गोष्ट आहे, आणि आमचा वाटाड्या कामाचा माणूस होता. तिशीतला आर्किटेक्ट, आवाज न चढवता बोलणारा. सपाट स्लॅब, खिडकीवरचा खोल छज्जा, जिन्याच्या भिंतीतली सिमेंटची जाळी, पोर्चला आधार देणारे बारीक लोखंडी खांब, दर्शनी भिंतीवर तिरक्यातारक्या दगडांचं आवरण. रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या या गोष्टी त्यानं पहिल्यांदा एकत्र वाचून दाखवल्या. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर. इथं उन्हाशी लढायचं नसतं, ते नुसतं अडवायचं असतं, हे त्यानं एका छज्ज्याच्या सावलीत उभं करून आम्हाला पटवलं. सकाळी साडेसातची सावली खिडकीच्या नेमकी कुठं संपते ते त्यानं बोटानं दाखवलं. सत्तरच्या दशकातल्या मध्यमवर्गाला काटकसर आणि देखणेपण एकाच हिशेबात बसवता येत होतं, असं तो म्हणाला. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण त्या पिढीच्या घरांविषयी इतकं साधं आणि बरोबर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मराठीत तर नाहीच. आपल्या साहित्यानं वाडा वाचला आहे आणि चाळ वाचली आहे. ‘वाडा चिरेबंदी’ आणि ‘बटाट्याची चाळ’ ही दोन नावं घेतली की घर कसं कोसळतं आणि घर कसं गजबजतं, दोन्हींची सोय लागते. प्लॉट पाडून आखलेल्या वसाहतीतलं, कंपाउंड आणि गेट असलेलं, निवृत्तीच्या पैशातलं स्लॅबचं घर मात्र आपल्या समीक्षेला विषय वाटलेलं नाही. त्यात ना ऱ्हासाची भव्यता, ना गर्दीची गंमत.

इतकं श्रेय दिल्यावर आता तक्रार. वाटाड्याच्या बोलण्यात एक शब्द दर थांब्यावर येत होता: ‘ओरिजिनली’. ओरिजिनली ही गॅलरी उघडी होती. ओरिजिनली इथं ग्रिल नव्हतं. ओरिजिनली वरचा मजला नव्हता. तो मनातून काढून टाका. दिसतंय ते थोडं पुसा आणि पाहा, अशी ती सूचना. पत्र्याची शेड पुसा, पाण्याची दुसरी टाकी पुसा, तुळशीसाठी फोडलेली फरशी पुसा, वास्तुशास्त्रवाल्याच्या सल्ल्यानं सरकवलेलं गेट पुसा. बाराव्या थांब्यापर्यंत आमच्या मनात एक अत्यंत सुंदर इंदिरानगर तयार झालं होतं, ज्यात कुणी राहत नव्हतं.

भाषांतर करणाऱ्याच्या कानाला हा शब्द ओळखीचा लागतो. आमच्या धंद्यात तो रोज ऐकावा लागतो. मूळ संहिता शुद्ध, नंतरचं सगळं थोडंफार नासलेलं. जो नंतर आला त्यानं हात लावला आणि बिघडवलं. वॉल्टर बेंजामिनचा भाषांतरकाराच्या कामावरचा निबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. भाषांतर हे मूळ कृतीच्या पुढच्या आयुष्याचा भाग असतं, तिच्या नंतरच्या जगण्यातून ते येतं, असा त्याचा रोख. शंभर वर्षं झाली. पुस्तकांच्या बाबतीत हे विद्यापीठांतून शिकवलं जातं आणि परीक्षेत मार्कांसाठी लिहिलंही जातं. घरांच्या बाबतीत ते अजून पोचलेलं दिसत नाही.

बर्नोचंच घर घ्या. टुगेनहाट कुटुंब त्यात आठ वर्षंसुद्धा नीट राहिलं नाही. ज्यू असल्यामुळे १९३८ साली त्यांना देश सोडावा लागला. मग नाझींनी ते बळकावलं. युद्धाच्या शेवटी सोव्हिएत सैन्यानं तिथं घोडे बांधले. त्यानंतर नृत्यशाळा, आणि पुढे कित्येक वर्षं मुलांच्या पाठीच्या आजारांवरचं व्यायाम-उपचार केंद्र. १९९२ साली चेकोस्लोव्हाकियाची फाळणी कशी करायची याची बोलणीही त्याच घरात झाली. २०१२ साली जीर्णोद्धार पुरा झाला तो सगळं १९३०च्या स्थितीला नेऊन. गोमेदाची भिंत परत चकाकू लागली. काम उत्तम झालं आहे, वादच नाही. पण ज्या खोलीत मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी पाठ सरळ करायचे व्यायाम केले, त्या वर्षांना आता घरात जागा उरलेली नाही, ती माहितीफलकावर आहेत. जगातलं एखादं घर असं गोठवून ठेवायला हरकत नाही. तो वाचनाचा एकमेव नमुना झाला की पंचाईत होते, कारण इंदिरानगरच्या फॉर्टी-सिक्स्टीला १९७८च्या स्थितीला नेऊन ठेवणारं कुणी येणार नसतं. मूळ उरलेलं नाही, म्हणून किंमत नाही, म्हणून पाडायला हरकत नाही: ‘ओरिजिनली’ या शब्दाचा व्यवहारातला शेवट हा असा होतो. वॉकच्या पत्रकात प्रत्येक घरापुढे ‘ऑथेंटिसिटी’चा एक रकाना होता आणि त्यात उच्च, मध्यम, अल्प असे शेरे होते. अल्पवाली घरं सर्वांत जास्त.

त्यांतल्या एका ‘अल्प’ घरासमोर आम्ही उभे असताना आतून एक आजी बाहेर आल्या. सत्तरीच्या पुढच्या, हातात दुधाची पिशवी. त्यांनी गेटमागूनच विचारलं, “एन् नोड्ता इद्दीरा?” काय बघताय?

“मने नोड्ता इद्दीवि, अम्मा.” घर बघतोय, वाटाड्या म्हणाला.

त्या हसल्या. एवढी माणसं आपलं घर बघायला आलीत याची त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी गेट उघडलं आणि म्हणाल्या, “ओळगडे बन्नि.” आत या. वाटाड्यानं घड्याळ पाहिलं. अजून पाच थांबे बाकी होते. त्यानं नम्रपणे हात जोडले, आम्ही पुढे निघालो.

माझ्या मते या वॉकची खरी मर्यादा त्या अर्ध्या मिनिटात दिसली. घर हे फूटपाथवरून वाचायचं नसतं. मुखपृष्ठ पाहून परीक्षण लिहिणाऱ्याला आपण जे म्हणतो तेच इथं म्हणायला हवं.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच त्या आजींकडे गेले. माझं कानडी दुकानदारीपुरतं आणि थोडं वर. पण घराबद्दल बोलताना माणसं हातवारे फार करतात, त्यामुळे निभावलं. पुढचा सिट-आउट लोखंडी ग्रिल आणि डासांची जाळी लावून बंद केलेला आहे. पत्रकात याचीच नोंद ‘दर्शनी भाग बदललेला’ अशी. त्यांच्या सासूबाईंना संध्याकाळी बाहेर बसून रस्ता बघायची सवय होती. डास वाढले, भटकी कुत्री वाढली, सासूबाईंचे पाय गेले. तेव्हा घरच्यांपुढे दोनच वाटा होत्या: सिट-आउट उघडा ठेवायचा आणि सासूबाईंनी आत बसायचं, किंवा सिट-आउट बंद करायचा आणि सासूबाईंनी तिथंच बसायचं. त्यांनी दुसरी निवडली. आता यात मुळाशी इमान कुणी राखलं? उघडेपणा हा त्या जागेचा शब्द होता, रस्त्याकडे तोंड करून बसणं हा तिचा अर्थ. शब्द सोडला आणि अर्थ ठेवला. भाषांतराच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात तो हा पेच. निरक्षर वेल्डर आणि आजारी सासू यांनी तो आमच्यापैकी अनेकांपेक्षा बरा सोडवला.

वेल्डरचा उल्लेख उगाच केलेला नाही. ते ग्रिल जवळून पाहिलं तर त्यातली नक्षी कुठून आली ते कळतं. जिन्याच्या भिंतीत सिमेंटची जी जाळी आहे तिच्यातला चौकोन, त्याच्या आत तिरका चौकोन, हा आकार त्यानं चौरस सळईत उतरवला आहे. दोघांमध्ये पंचवीसेक वर्षांचं अंतर असावं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. समोर होतं ते पाहून त्यानं केलं. आत गेल्यावर अशा आणखी जागा दिसतात. जिन्याखालच्या कोनाड्यात देवघर आलं आहे आणि त्याच्या दाराची उंची जिन्याच्या उताराला धरून कापली आहे. मोझॅकची फरशी जिथं फुटली तिथं तांबड्या कोब्याचा तुकडा भरला आहे, पण कडेची काळी पट्टी मोडलेली नाही. रस्त्यावरून यातलं काहीही दिसत नाही.

म्हैसूरचे ए. के. रामानुजन यांची एका मोठ्या घरावर कविता आहे, ‘रिलेशन्स’ या १९७१च्या इंग्रजी संग्रहात. त्या घरात शिरलेली कुठलीच गोष्ट बाहेर पडत नाही, आणि बाहेर गेलेल्याही फिरून परत येतात. वॉकचा आदर्श याच्या अगदी उलट: असं घर, ज्यात पहिल्या दिवसानंतर काहीच शिरलं नाही.

वाटाड्यानं या घरांची वंशावळ सांगितली तीही तपासण्यासारखी आहे. सुरुवात ओटो केनिग्सबर्गरपासून. बर्लिनमध्ये वाढलेला, हिटलरच्या राज्यात ज्यू म्हणून देश सोडावा लागलेला हा वास्तुकार इजिप्तमार्गे १९३९ साली बंगळुरात आला आणि म्हैसूर संस्थानाचा सरकारी आर्किटेक्ट झाला. त्याचे मामा, भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न, त्याच्या तीन-चार वर्षं आधी सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून टाटा इन्स्टिट्यूटमध्ये काही महिने राहून गेले होते. त्याच संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, केनिग्सबर्गरच्या इमारती अजून उभ्या आहेत. बसवनगुडीतला कृष्णराव पॅव्हिलियनही त्याचा. “त्यानं बंगळुरात मॉडर्निझम आणला,” असं वाटाड्या म्हणाला. आणला, म्हणजे पार्सल आणावं तसा. मग तो मोठ्या आर्किटेक्टांनी घेतला, आणि त्यांच्याकडून झिरपत, पातळ होत, मेस्त्रींपर्यंत इंदिरानगरात पोचला. या गोष्टीत इंदिरानगर ही नकलेची नक्कल.

केनिग्सबर्गरचं चरित्र मात्र या गोष्टीला साथ देत नाही. त्यानं पुढे ज्या कामाला आयुष्य दिलं ते ऊन, वारा आणि दमटपणा यांच्या हिशेबाचं होतं. उष्ण कटिबंधातल्या बांधकामावरचं १९७४ साली निघालेलं जे हस्तपुस्तक अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांनी वापरलं, त्याच्या लेखकांत तो होता. त्या विषयाची पायाभरणी त्यानं इथं, संस्थानच्या नोकरीत केली. त्याचा एक मोठा प्रकल्प सपशेल फसला: स्वातंत्र्यानंतर दिल्लीत काढलेला कारखान्यात तयार होणाऱ्या घरांचा सरकारी उद्योग. १९५१ साली तो लंडनला निघून गेला. बंगळुरातलं जमलं ते जागेवर बसून, इथल्या उन्हाकडे पाहून, शब्द बदलून केलेलं होतं. दिल्लीतलं फसलं ते शब्दशः. दोन्ही उदाहरणं एकाच माणसाची असल्यामुळे मला ती फार बोलकी वाटतात. आणि ‘आणणं’ हे क्रियापद खोडून तिथं ‘भाषांतर करणं’ घातलं की पुढची वंशावळही बदलते. मेस्त्रीनं घातलेला छज्जा ही शेवटची पातळ प्रत राहत नाही. केनिग्सबर्गर जे करत होता तेच मेस्त्रीनं, कमी पैशांत आणि नाव न मिळवता, पुढे केलं.

शेवटचा थांबा इंदिरानगरात नव्हताच. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसवून, इनर रिंग रोडनं आम्हाला कोरमंगलाला नेलं. चार्ल्स कोरियांनी १९८५ ते ८८च्या दरम्यान स्वतःसाठी बांधलेलं घर पाहायला. वॉकची ही समेवर येण्याची जागा. आता या घराचं सगळं सार मध्यभागी आहे. आकाशाला उघडं अंगण, आणि खोल्या त्याच्याभोवती. कानडीत ज्याला तोट्टी मने म्हणतात आणि आपण चौसोपी म्हणतो, त्या घराशी कोरियांनी केलेलं ते संभाषण. घर खासगी आहे, आत जाता येत नाही, जाऊही नये. म्हणून वीस माणसं रस्त्यावर उभी राहून एका अंतर्मुख घराची बाहेरची बाजू बघत होती, आणि वाटाड्या टॅबलेटवर अंगणाचे फोटो दाखवत होता. अर्ध्या तासापूर्वी ज्या घरानं गेट उघडून ‘आत या’ म्हटलं तिथं वेळ नव्हता. सही असली की बंद दारापुढेही वीस मिनिटं मिळतात.

खुद्द कोरियांना हे कितपत मानवलं असतं, शंका आहे. नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी सिडकोसाठी १९८३ ते ८६ मध्ये जी वसाहत केली (लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात) तिथं सात-सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या लहान अंगणाभोवती मांडली आहेत. शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही. प्रत्येकाचं घर स्वतःच्या प्लॉटवर सुटं. प्लॉट पंचेचाळीस चौरस मीटरपासून पंचाहत्तरपर्यंत, म्हणजे फार फरकही नाही. हे असं मुद्दाम केलेलं. पुढे पैसे येतील, मुलं मोठी होतील, तेव्हा कुणालाही शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. तिथं आज गेलात तर मूळची उतरत्या कौलांची घरं थोडी दिसतात. बाकीच्यांवर मजले चढलेत, टाइल्स लागल्यात, काही पार नव्यानं उभी राहिलीत. आर्किटेक्चरचे विद्यार्थी येतात आणि उरलेल्या मूळ घरांचे फोटो काढून हळहळतात. जी संहिता ‘माझ्यात बदल करा’ असं सांगत होती, तिची शुद्ध प्रत शोधणारे हे वाचक. अंगणं मात्र बरीचशी जागच्या जागी आहेत, लोक त्यांत सायकली लावतात, वाळवणं घालतात. कोरियांचं वाक्य ते अंगण होतं. घरं म्हणजे त्यातली रिकामी सोडलेली जागा.

इथं एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: मग काय, कुठलाही बदल हे भाषांतरच? शंभर फुटी रस्त्यावर आणि बाराव्या मेनवर जुन्या बंगल्यांत पब आणि रेस्तराँ निघाली आहेत. २०११ साली मेट्रो आली, भाडी चढली आणि निवृत्त मंडळींना राहण्यापेक्षा भाड्यानं देणं परवडू लागलं. अशा एका ठिकाणी मी आतली प्रत्येक भिंत पाडलेली पाहिली. मोझॅकची फरशी आणि खिडकीचं एक ग्रिल मात्र मुद्दाम राखलेलं, त्याच्यावर पिवळा दिवा सोडलेला. मूळ अंश टक्केवारीनं मोजायचे तर आजींच्या घरापेक्षा तिथं जास्त निघतील. पण ते ग्रिल आता काही अडवत नाही आणि त्या फरशीवर कुणाचा संसार नाही. मूळ संहितेतला एखादा नादमधुर शब्द उचलून जाहिरातीत वापरावा, तसं ते आहे. भाषांतराला मुळाला उत्तर द्यावं लागतं: तू हे का केलं होतंस, आणि आता ते कसं साधायचं? पबनं हा प्रश्न विचारलेला नाही. वेल्डरनं विचारला होता. ‘ऑथेंटिसिटी’च्या रकान्यात हा फरक मावत नाही, कारण तो किती उरलं एवढंच मोजतो.

आणि तिसरा प्रकार, ज्यात काहीच उरत नाही. आजींचं घर पुढच्या वर्षी ‘जेडी’ला जायचं आहे. बंगळुरात जॉइंट डेव्हलपमेंटला हेच म्हणतात: जमीन तुमची, खर्च बिल्डरचा, फ्लॅट वाटून घ्यायचे. खाली गाड्या, वर चार मजले. मुलगा परदेशात, जिना चढवत नाही, गच्ची गळते. त्यांचा निर्णय चुकीचा आहे असं मला म्हणता येणार नाही. घर वाचवा असंही मी म्हणत नाही. पण जाणारी गोष्ट कुणी तरी नीट वाचलेली असावी, एवढी अपेक्षा समीक्षेकडून करता येते. आणि या शहरात, या घरांच्या बाबतीत, ती समीक्षा म्हणजे तूर्त हा रविवारचा वॉक. दुसरं कुणी ते काम करत नाही. म्हणून त्याच्या पत्रकातला रकाना बदलायला हवा असं मला वाटतं. ‘मूळ किती उरलं’च्या जागी ‘कुणी, कधी, कशासाठी बदललं’. आणि पंधरा घरांच्या ऐवजी पाच, पण गेटच्या आत.

भाषेचंही बघावं. सगळा वॉक इंग्रजीत होता, ‘ब्रिझ-सोलेय’ आणि ‘ब्रुटालिस्ट’सकट, आणि ज्यांनी ही घरं बांधली त्यांच्या तोंडचा एकही शब्द त्यात नव्हता. बांधकामाचे शब्द सीमा मानत नाहीत. आपल्या मराठी घरात पाय ठेवला तरी ते कळतं. शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पा आंध्रातला, कोकणातल्या छपरावरची कौलं मंगळुरी. मराठी घर जमिनीपासून आढ्यापर्यंत दक्षिणेच्या गावांची नावं वापरून उभं आहे आणि आपल्याला ते परभाषेतलं वाटत नाही. मेस्त्रीला विचारलं असतं तर इंदिरानगरच्या घरातही असे शब्द निघाले असते.

पत्रक हातात पडलं तेव्हापासून सवयीनं त्याचं मराठी मनात चालू आहे, आणि ते अडलं आहे एका साध्या शब्दावर. ‘सिट-आउट (नंतर बंद केलेला)’. ओटा म्हणावं तर तो जोत्याचा, रस्त्यावरच्या कुणीही येऊन टेकावं असा. कानडी जगली त्याच्या जवळची. ओसरी वाड्यातली. पडवी कोकणातली, तिथं आडोसा आणि अडगळ दोन्ही. व्हरांडा साहेबाचा किंवा शाळेचा. दोन वेताच्या खुर्च्या, वर्तमानपत्र, स्टीलच्या पेल्यात कॉफी आणि समोर स्वतःचंच गेट, एवढ्यापुरती जागा यांपैकी एकाही शब्दात नाही. आजींनी बोलताना ‘सिट-आउट’ म्हटलं नाही, ‘जगली’ही म्हटलं नाही. ग्रिल लागून, जाळी लागून, दाराला कडी लागून इतकी वर्षं झाली तरी त्या म्हणाल्या, “अत्ते होरगडे कूतिरोरु.” सासूबाई बाहेर बसलेल्या असायच्या. मी तूर्त तिथं ‘बाहेर’ असं लिहून ठेवलं आहे.